‘-स्टर’ने संपणारे जुने इंग्रजी शब्द: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘-स्टर’ हा प्रत्यय आहे तरी काय?

सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत एखादं काम करणाऱ्या माणसासाठी दोन प्रत्यय होते. पुरुष असेल तर शेवटी ‘-एरे’ लागे, बाई असेल तर ‘-एस्ट्रे’. पाव भाजणारा तो ‘बॅकेरे’, भाजणारी ती ‘बॅकेस्ट्रे’. गाणारा ‘सांगेरे’, गाणारी ‘सांगेस्ट्रे’. पहिल्या प्रत्ययाचं पुढे ‘-अर’ झालं, म्हणजे बेकर, सिंगर, टीचरमधला. दुसऱ्याचं झालं ‘-स्टर’.

गँगस्टर या शब्दाचं शेपूट मुळात बायकांच्या कष्टाचं नाव होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. सूत कातणं, कापड विणणं, लोकर विंचरणं, कापड रंगवणं, शिवणं, पाव भाजणं, एल (धान्याचं हलकं पेय) गाळणं, पिंपाच्या तोटीतून ते गिऱ्हाइकाला देणं या साऱ्या कामांना ‘-स्टर’चे शब्द होते. मध्ययुगीन इंग्लंडमधली बाई घरात बसून होती, असं कुणी म्हणालं तर त्याच्यापुढे ही यादी ठेवावी.

शेवटी ‘स्टर’ ऐकू आलं की शब्द याच घराण्यातला समजायचा का?

नाही, इथे बरीच फसगत होते. मिनिस्टर, मास्टर, मॉन्स्टर आणि रजिस्टर लॅटिनमधून आले आहेत. सिस्टर वेगळ्याच मुळाचा. टोस्टर, पोस्टर आणि रूस्टर यांत ‘-अर’च आहे. त्याआधीचा ‘स्ट’ टोस्ट, पोस्ट, रूस्ट या मूळ शब्दांचा. मँचेस्टर, लँकेस्टर, लेस्टर अशा गावांच्या नावांत रोमन लष्करी छावणीसाठीचा लॅटिन शब्द दडलेला आहे. डिझास्टरमध्ये आकाशातला तारा दडलेला आहे, म्हणजे ग्रह वाकडे असणं हा मूळ अर्थ.

लॉबस्टरची गोष्ट जरा मजेची आहे. आपल्या शेवंडीच्या या भाईबंदाचं जुनं इंग्रजी नाव ‘लोपेस्ट्रे’ असं होतं. लॅटिनमध्ये टोळाला आणि या कवचवाल्या जिवालाही एकच नाव होतं, त्याचाच हा अपभ्रंश असावा असं सर्वसाधारण मत आहे. इंग्रजांच्या जिभेने अनोळखी शब्दाला ओळखीचं शेपूट लावून टाकलं. शेपूट या घराण्याचं, धड परकं.

स्पिन्स्टर म्हणजे अविवाहित प्रौढ बाई. त्याचा कामाशी काय संबंध?

स्पिन म्हणजे कातणं. स्पिन्स्टर म्हणजे कातणारी, एवढाच मूळ अर्थ. चौदाव्या शतकातल्या एका प्रसिद्ध इंग्रजी काव्यात एक पात्र सांगतं की, माझी बायको लोकरीचं कापड विणायची आणि सूत काढायला स्पिन्स्टरांना काम द्यायची. तिथे कुणाच्या लग्नाचा प्रश्नच नाही, प्रश्न आहे सुताचा.

हातमागाचं गणित ज्यांनी जवळून पाहिलं आहे त्यांना हे लगेच पटेल. माग भराभर चालतो, सूत मात्र टकळीवर वीत-वीत निघतं. एका विणकराचे हात रिकामे राहू नयेत म्हणून अनेक कातणाऱ्या लागायच्या. लोकर पिंजून, विंचरून, काठीला गुंडाळून ती काखेत धरायची आणि डाव्या-उजव्या हाताने धागा ओढत टकळी फिरवत राहायची. हे काम चालता चालता, मेंढ्या राखताना, पाळणा हलवतानाही होई. त्यामुळे घराघरातल्या बायका ते करत, आणि इंग्लंडच्या ज्या लोकरी कापडाला युरोपभर मागणी होती त्याचा प्रत्येक धागा आधी त्यांच्या बोटांतून गेलेला असे.

आता अर्थ कसा घसरला ते पाहा. १४१३ मध्ये इंग्लंडमध्ये असा कायदा झाला की, दाव्याच्या कागदात प्रतिवादीच्या नावापुढे त्याचा दर्जा किंवा धंदा आणि गाव लिहिलंच पाहिजे. पुरुषांपुढे लोहार, शेतकरी, व्यापारी असं लिहिलं जाई. बाईपुढे अमक्याची बायको किंवा अमक्याची विधवा. आणि जी दोन्ही नाही तिच्यापुढे? तिचा धंदा, म्हणजे बहुतेक वेळा स्पिन्स्टर. कारकुनांनी हेच शतकानुशतकं लिहिलं आणि सतराव्या शतकापर्यंत तो अविवाहित बाईचा कायदेशीर दर्जाच होऊन बसला. मग तिने उभ्या जन्मात टकळी हातात धरलेली असो वा नसो. अठराव्या शतकात त्यात ‘लग्नाचं वय उलटून गेलेली’ हा टोमणा मिसळला.

स्वतःच्या हाताने कमावणाऱ्या बाईचं नाव शेवटी ‘हिला कुणी पत्करलं नाही’ या अर्थाला जाऊन टेकलं. इंग्रजी भाषेने केलेल्या अन्यायांपैकी हा मोठा आहे, असं मला मनापासून वाटतं.

हा शब्द सरकारी कागदांवरून गेला का?

इंग्लंड आणि वेल्समध्ये विवाहनोंदणीतून २००५ मध्ये गेला. बॅचलर आणि स्पिन्स्टर या दोन्हींच्या जागी ‘सिंगल’ आला. चर्चमध्ये लग्नाआधी जी जाहीर घोषणा होते तिच्यात मात्र तो कानावर पडू शकतो.

आपल्याकडे तो पाहायचा असेल तर गोव्यातलं इंग्रजी खरेदीखत उघडावं. गोव्यात पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या नागरी कायद्यानुसार नवरा-बायकोची मालमत्ता सर्वसाधारणपणे सामाईक असते, विकताना दोघांची संमती लागते. म्हणून सही करणारी व्यक्ती विवाहित की अविवाहित हे खतात लिहिणं गरजेचं ठरतं, आणि अविवाहित बाईच्या नावापुढे आजही ‘स्पिन्स्टर’ टाइप केलेलं दिसतं. वाचणाऱ्याला धक्का बसतो, पण तिथे तो टोमणा नाही. कायदेशीर दर्जाचा जुना अर्थ तसाच राहिला आहे.

ब्रूस्टर कोण? आणि हे काम बायकांकडून गेलं कसं?

ब्रूस्टर म्हणजे एल गाळणारी बाई. एल हे धान्याचं साधं, हलकं पेय. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये लहानथोर सगळ्यांच्या जेवणात ते असे.

या एका शब्दात सगळ्या घराण्याचा इतिहास आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. एल चार-सहा दिवसांत आंबट होऊन जाई, लांब नेताही येत नसे. त्यामुळे ते घरोघरी वरचेवर गाळावं लागे. घरचं भागून उरलेलं एल बाई शेजारीपाजारी विकत असे. विकायला आहे हे कळावं म्हणून दारावर आडवी काठी लावून तिच्या टोकाला झुडपाची जुडी बांधायची. भांडी घरचीच, चूल घरचीच, भांडवल जवळजवळ नाहीच. पुढच्या आठवड्यात मूल आजारी पडलं तर गाळायचं नाही, शेजारीण गाळेल. १३४८ च्या महाभयंकर प्लेगच्या आधी इंग्लंडच्या खेड्यांत या धंद्यात प्रामुख्याने बायकाच होत्या. माप आणि भाव यांचे नियम मोडल्याबद्दल स्थानिक न्यायसभांत दंड झालेल्यांच्या याद्यांत त्यांची नावं ओळीने सापडतात. दंडामुळे का होईना, ती कागदावर आली.

मग दोन गोष्टी घडल्या. प्लेगनंतर वाचलेल्यांची मजुरी वाढली, लोक जास्त पिऊ लागले, आणि थोड्या पण मोठ्या गाळपघरांना बरकत आली. दुसरी गोष्ट हॉप्सची. पंधराव्या शतकात नेदरलँड्सच्या बाजूने हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडमध्ये रुजली. हॉप्स हे एका वेलीचं कडसर फूल. ते घातलं की पेय महिनोन्‌महिने टिकतं. टिकतं म्हणजे मोठ्या प्रमाणात करता येतं, साठवता येतं, जहाजावर चढवता येतं, सैन्याला पुरवता येतं. त्यासाठी मोठी कढई, कोठार, माणसं, उधारी हवी. आणि लग्न झालेल्या बाईला त्या काळच्या इंग्लिश कायद्यात स्वतःच्या नावाने करार करता येत नव्हता, मालमत्ता नवऱ्याची. धंदेवाल्यांचे संघ पुरुषांचे, सावकारी पुरुषांची. १६०० उजाडेपर्यंत धंदा पुरुषांच्या हाती गेला होता. कुणी बायकांना हाकलून काढलं असं नाही. धंदा वाढला आणि वाढत्या धंद्याची दारं त्यांना बंद होती.

शब्द मात्र मागे उरला. दारूविक्रीचे परवाने देण्यासाठी इंग्लंडमध्ये दंडाधिकाऱ्यांची वार्षिक बैठक भरत असे, तिचं नाव ‘ब्रूस्टर सेशन्स’.

मग ‘-स्टर’ पुरुषांना कधी लागू लागला?

सरळ रेघ मारता येत नाही. जुन्या इंग्रजीतही पाव भाजणाऱ्या पुरुषाला ‘बॅकेस्ट्रे’ म्हटल्याची उदाहरणं आहेत, म्हणजे कुंपण पहिल्यापासूनच थोडं मोडकं होतं. उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमध्ये हा प्रत्यय लवकर दोघांचा झाला. दक्षिणेत तो बराच काळ बायकांचा राहिला. स्कॉटलंडमध्ये तर पाव भाजणाऱ्या पुरुषांच्या संघाचं नावच ‘बॅक्स्टरांचा संघ’ असे.

याचा एक पुरावा इंग्रजी पुस्तक वाचणाऱ्या कुणालाही सापडेल. सीमस्टर म्हणजे शिवणारी. तो शब्द स्त्रीलिंगी आहे हे लोक विसरले, तेव्हा फ्रेंचमधून आलेला ‘-एस’ त्याला वरून लावला आणि सीमस्ट्रेस झाला. साँगस्टरचं साँगस्ट्रेस झालं. आधीच बाई असलेल्या शब्दाला पुन्हा बाई केलं.

वेबस्टर, बॅक्स्टर ही आडनावं यातलीच का?

हो, आणि जुने शब्द सगळ्यात चांगले टिकले ते आडनावांतच. वेबस्टर म्हणजे विणणारी. १८२८ मध्ये सुमारे सत्तर हजार शब्दांचा अमेरिकी शब्दकोश छापणारे नोआ वेबस्टर हे विणकरणीचं नाव लावत होते. बॅक्स्टर पाव भाजणारी, ब्रूस्टर एल गाळणारी. शोभादर्शक बनवणारे स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यातलेच. केम्पस्टर लोकर विंचरणारी. विस्कटलेल्या केसांसाठी इंग्रजीत ‘अनकेम्प्ट’ म्हणतात, त्यातला ‘केम्प्ट’ म्हणजे विंचरलेला, तोच धातू.

रंगारणीसाठी तर दोन आडनावं आहेत. एक डेक्स्टर. १९६१-६२ च्या मोसमात इंग्लंडचा संघ घेऊन भारतात आलेले टेड डेक्स्टर जुन्या लोकांना आठवतील. मुंबईची पहिली कसोटी ब्रेबर्नवर अनिर्णित राहिली, पुढे कोलकाता आणि मद्रास जिंकून आपण इंग्लंडविरुद्ध पहिल्यांदाच मालिका जिंकली. दुसरं लिस्टर, नॉर्स म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेतल्या रंगवण्याच्या शब्दावरून. शस्त्रक्रियेत जंतुनाशकाचा वापर रूढ करणारे जोसेफ लिस्टर यांचं हे आडनाव, आणि त्यांच्यावरून १८७९ मध्ये लिस्टरीन हे नाव ठेवलं गेलं. न्हाणीघराच्या फळीवर उभ्या असलेल्या त्या बाटलीवर मध्ययुगातली एक रंगारीण आहे.

आडनाव बाईच्या धंद्याचं आहे म्हणून घराण्याची मूळपुरुष बाईच होती, असं मात्र छातीठोकपणे म्हणता येत नाही. आडनावं स्थिरावली त्या काळात उत्तरेत हा प्रत्यय पुरुषांनाही लागत होता.

आज कुणाच्या तोंडी नसलेले शब्द कोणते?

माझा सगळ्यात आवडता ‘थ्रोस्टर’. रेशमाचे कच्चे तंतू पिळून त्यांचा विणण्याजोगा धागा करणारी. १४५५ मध्ये लंडनच्या रेशीमकाम करणाऱ्या बायकांनी आणि थ्रोस्टरांनी पार्लमेंटकडे अर्ज केला की, इटलीतल्या लोंबार्डीचे व्यापारी तयार रेशमी माल आणून आमच्या पोटावर पाय देत आहेत. या कामावर हजाराहून अधिक बायका जगतात, असं त्या अर्जात होतं. पार्लमेंटने काही वर्षांपुरती अशा मालाच्या आयातीवर बंदी घातली. संघ नाही, मत नाही, तरी एवढ्या बायकांनी मिळून कायदा करवून घेतला.

‘व्हिटस्टर’ म्हणजे कापड पांढरं करणारी. ताग्यांना खार लावून, धुऊन ते गवतावर उन्हात पसरून ठेवायचे आणि पाणी मारत राहायचं, दिवसचे दिवस. शेक्सपिअरच्या एका विनोदी नाटकात लठ्ठ फॉल्स्टाफला मळक्या कपड्यांच्या टोपलीत लपवून बाहेर काढतात. ती टोपली डॅचेटच्या कुरणावरच्या व्हिटस्टरांकडे न्यायची असते, आणि वाटेत त्याला टेम्सच्या काठच्या चिखलपाण्यात ओतून देतात.

‘टॅपस्टर’ पिंपाची तोटी उघडून एल देणारी, पुढे देणारा. ‘हकस्टर’ फुटकळ माल विकणारी, पाटी घेऊन दारोदार किंवा बाजारात. आज हकस्टर म्हणजे गळ्यात माल मारणारा लबाड विक्रेता. ‘माल्टस्टर’ मात्र ठणठणीत जिवंत आहे. सातू भिजवून, मोड आणून, भाजून माल्ट करणाऱ्याला ब्रिटनमध्ये आजही तेच म्हणतात.

डीमस्टर कोण?

न्यायाधीश. डीम म्हणजे निवाडा करणं. इंग्लंड आणि आयर्लंड यांच्या मधल्या समुद्रात आयल ऑफ मॅन हे बेट आहे, तिथल्या उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना आजही डीमस्टर म्हणतात. दरवर्षी साधारण ५ जुलैला सेंट जॉन्स गावातल्या पायऱ्यापायऱ्यांच्या टेकडीवर बेटाचं पार्लमेंट उघड्यावर भरतं, आणि वर्षभरात झालेल्या कायद्यांचा सारांश इंग्रजीत आणि बेटाच्या मूळ मँक्स भाषेत वाचून दाखवला जातो.

डीमस्टरांच्या शपथेत एक ओळ आहे: हेरिंग माशाचा कणा जसा माशाच्या बरोबर मधोमध असतो, तितक्या समतोलाने मी दोन्ही पक्षांत न्याय करीन. मासेमारीवर जगलेल्या बेटाची शपथ अशीच असणार. बांगडा मधोमध चिरताना ज्यांनी तो काटा पाहिला आहे, त्यांना ही उपमा समजावून सांगावी लागणार नाही. स्कॉटलंडमध्ये याच शब्दाचं डेम्पस्टर झालं, तेही आडनाव झालं.

हा प्रकार आपल्या माळीण, शिंपीणसारखाच ना?

वरवर पाहता तसाच. पण मराठीतल्या ‘-ईण’ने दोन अर्थ वाहिले आहेत. पाटलीण म्हणजे पाटलाची बायको, ती पाटीलकी करत नाही. उलट बोहारीण स्वतः जुने कपडे घेऊन भांडी देते, बाजारात मासे विकायला बसलेली कोळीण स्वतः धंदा करते. इंग्रजी ‘-एस्ट्रे’चा भर या दुसऱ्या अर्थावर होता. वेबस्टर ही विणकराची बायको म्हणून वेबस्टर नव्हे, ती स्वतः मागावर बसते म्हणून. नवऱ्याचा धंदा काहीही असू शकतो.

मग गँगस्टरपर्यंत मजल कशी गेली?

सोळाव्या शतकापासून हा प्रत्यय धंद्यातून सुटून मोकळा फिरू लागला. यंगस्टर, गेमस्टर म्हणजे जुगारी, पनस्टर म्हणजे कोट्या करणारा, राइमस्टर म्हणजे यमकं जुळवणारा. त्यात एक तुच्छतेची छटा येत गेली. ट्रिकस्टर, फ्रॉडस्टर. गँगस्टर १८९० च्या दशकात अमेरिकेत आला, मॉबस्टर त्याच्या मागून, आणि मुंबईच्या मराठी वर्तमानपत्रांनी गँगस्टर जसाच्या तसा उचलला.

बायकांच्या हातचं काम हलकं समजलं गेलं म्हणून प्रत्यय हलका झाला का? काही अंशी तरी हो, असं मी मानतो. हकस्टरचं जे झालं ते उघड दिसतं. सगळेच शब्द काही घसरले नाहीत. टीमस्टर म्हणजे जोडीची गाडी हाकणारा, तो पुढे ट्रकचालक झाला, आणि १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकेतल्या बलाढ्य कामगार संघटनेने तेच नाव अभिमानाने घेतलं. रोडस्टर आधी किनाऱ्याजवळ नांगरलेलं जहाज, मग रस्त्यावरचा घोडा, मग उघडी मोटार. दूधवाल्यांची दणकट काळी सायकल, तिलाही सायकलच्या धंद्यात रोडस्टरच म्हणतात.

पोएटॅस्टर हा शब्द यातलाच का?

नाही, तो शेजारच्या घरातला. लॅटिनमध्ये ‘-अॅस्टर’ म्हणजे तसा दिसणारा पण तसा नसणारा, नकली. पोएटॅस्टर म्हणजे भिकार कवी. मेडिकॅस्टर म्हणजे वैदूगिरी करणारा भोंदू, क्रिटिकॅस्टर म्हणजे पोकळ टीकाकार, फिलॉसॉफॅस्टर म्हणजे तत्त्वज्ञानाचा आव आणणारा. ओलिअॅस्टर हे जंगली ऑलिव्हचं नाव. हा प्रत्यय इंग्रजीत फारसा फळला नाही, पण शिवी म्हणून फार नेमका आहे.

नवा शब्द भेटला तर तो अस्सल ‘-स्टर’ आहे की नाही, हे कसं ओळखायचं?

शेवटचं ‘स्टर’ झाकून त्याआधी काय उरतं ते पाहा. ब्रू, स्पिन, वेब, माल्ट, डीम, टॅप असा इंग्रजीतला कामाचा किंवा वस्तूचा पूर्ण शब्द उरला तर बहुतेक वेळा तो याच घराण्यातला. ‘मिनि’, ‘मॉन’, ‘सि’ असं अर्धवट काही उरलं तर नाही. जुन्या आडनावांत मात्र ही कसोटी चुकू शकते, कारण मूळ धातूच झिजलेला असतो. डेक्स्टरमधून ‘डेक’ उरतो आणि लिस्टरमधून ‘लि’, दोन्हींत रंगाचा पत्ता लागत नाही. अशा वेळी व्युत्पत्ती देणारा मोठा इंग्रजी शब्दकोश उघडावा आणि शब्दाचं बाराव्या-तेराव्या शतकातलं रूप पाहावं. तिथे शेवटी ‘-एस्टर’ किंवा ‘-एस्ट्रे’ लिहिलेलं सापडलं, तर लॉबस्टरसारखे अपवाद सोडता फारशी शंका उरत नाही.